पाटा आपला, वरवंटा त्यांचा

तुमच्यापैकी जे वीस-पंचवीस वर्षांपूर्वी देश सोडून आले, त्यांच्या कानात तो आवाज अजून असेल. आधी डायलटोन, मग नंबर लागल्याचे सूर, मग दोन यंत्रांची एकमेकांवर किंचाळी, मग खरखर आणि एकदम शांतता. शांतता झाली की समजायचं, इंटरनेट लागलं. हा आवाज ऐकण्यासाठी २००२ च्या डिसेंबरात मी सांगलीला आई-वडिलांच्या घरी अकरा रात्री जागलो. बाराव्या दिवशी सकाळी आवाज आला, आणि त्याच सकाळी मी वडिलांशी एक अर्धसत्य बोललो. हा लेख त्या अर्धसत्याविषयी आहे. तो मॉडेम केव्हाच अडगळीत गेला, पण त्याने उभा केलेला प्रश्न आज आपल्या सगळ्यांच्या खिशात आहे. काहींच्या तर छातीत आहे. कसा, ते पुढे सांगतो.

बहीण मस्कतला, मी न्यू जर्सीत. पत्रांना वेळ लागायचा, फोन महाग पडायचा. म्हणून आम्ही दोघांनी पैसे पाठवले आणि अण्णांनी एका दुकानातून संगणक जुळवून घेतला. दुकानदार म्हणाला, "विंडोज टाकून देतो, त्याचे पैसे नकोत." अण्णांनी विचारलं, "त्याची पावती मिळेल का?" दुकानदार हसला. "मग नको," अण्णा म्हणाले. छत्तीस वर्षं त्यांनी शाळेत गणित शिकवलं होतं आणि कॉपी करणाऱ्या पोरांना वर्गाबाहेर उभं केलं होतं. निवृत्तीनंतर स्वतः कॉपीची सीडी वापरणं त्यांना जमणारं नव्हतं. मी पोचलो तेव्हा संगणक आईने शिवलेल्या अभ्र्याखाली दोन महिने नुसता बसून होता.

पावतीची विंडोज विकत घेणं मला शक्य होतं, हे आधीच कबूल करतो. पण त्या दिवसांत मला लिनक्सचं वेड होतं, आणि अण्णांच्या सचोटीला शोभेल अशी गोष्ट आपल्याकडे आहे याचा थोडा गर्वही होता. 'पीसीक्वेस्ट' मासिकाबरोबर तेव्हा लिनक्सच्या सीडी यायच्या. शेजारच्या इंजिनिअरिंगच्या मुलाकडे त्या होत्या. तासाभरात लिनक्स बसलं. त्याचा जीपीएल नावाचा परवाना अण्णांनी पेन्सिल हातात घेऊन अथपासून इतिपर्यंत वाचला. तो पुरता वाचलेला माणूस मी तोवर पाहिला नव्हता; मी स्वतःही वाचला नव्हता. वाचून म्हणाले, "हे चांगलं आहे. वापर, दुसऱ्याला दे, विकलंस तरी चालेल. पण देताना रीत दाखव."

रीत! गणिताच्या मास्तरांचा शब्द. नुसतं उत्तर बरोबर येऊन भागत नाही, रीत दाखवली नाही तर गुण नाहीत, हे तुम्हीही शाळेत ऐकलं असेल. ज्याला इंग्रजीत सोर्स कोड म्हणतात आणि मराठीत आपण स्रोत वगैरे म्हणतो, त्याला इतका नेमका शब्द मला आजवर दुसरा मिळालेला नाही.

संगणकातलं सगळं चाललं. माउस चालला, प्रिंटर चालला. मॉडेम मात्र चालेना.

का चालेना, हे थोडं समजून घ्यावं लागेल. मॉडेमचं काम म्हणजे आकड्यांचा आवाज करणं आणि आलेल्या आवाजाचे पुन्हा आकडे करणं. टेलिफोनची तार माणसाच्या बोलण्यासाठी बांधलेली. साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झचे सूर तिच्यातून नीट जातात. त्या चिंचोळ्या बोळातून, १९९८ च्या व्ही.९० या मानकाप्रमाणे, सेकंदाला ५६,००० पर्यंत बिट आणायचे. त्यासाठी आपलाच प्रतिध्वनी वजा करायचा, तारेतली खरखर ओळखायची, चुकलेलं पुन्हा मागवायचं. हे अवघड गणित आहे, आणि जुन्या मॉडेममध्ये ते करायला स्वतःच्या चिपा असत. त्याच्याशी बोलायची भाषाही सगळ्यांना ठाऊक होती. हेज नावाच्या अमेरिकन कंपनीने १९८१ साली आणलेली: 'एटीडीटी' आणि पुढे नंबर एवढं पाठवलं की मॉडेम फोन लावायचा. पलीकडे विंडोज आहे की लिनक्स, याच्याशी त्याला कर्तव्य नव्हतं.

नव्वदीच्या दशकात संगणकाचे प्रोसेसर वेगवान झाले, तेव्हा कारखानदारांच्या लक्षात आलं की हे गणित प्रोसेसरकडूनच करून घेतलं तर मॉडेममधल्या चिपा वाचतात. मग कार्डावर उरलं काय? फोनची तार खोचायची जागा, आवाजाचे आकडे आणि आकड्यांचा आवाज करणारा एक छोटा भाग, आणि बाकी जवळजवळ मोकळी पट्टी. सगळी अक्कल गेली सीडीवरच्या ड्रायव्हरमध्ये, आणि तो ड्रायव्हर फक्त विंडोजसाठी. अशा मॉडेमना 'विनमॉडेम' म्हणत. मुळात हे यू.एस. रोबोटिक्सच्या मालाचं नाव. पण कुठल्याही वनस्पती तुपाला आपण डालडा म्हणायचो, तसं ते सगळ्यांना चिकटलं. कार्ड स्वस्त झालं हे खरं. पण ते घेणं म्हणजे पाटा विकत घेणं, आणि वरवंटा दुकानदाराकडेच. चटणी वाटायची तर त्याच्याच ओट्यावर.

आता कंपन्यांची बाजूही ऐकायला हवी, कारण ती पोकळ नाही. चितळ्यांच्या दुकानात जाऊन मी बाकरवडी घेतो तेव्हा कृती मागत नाही. मग मॉडेमवाल्याकडे का मागावी? त्यांच्या ड्रायव्हरमध्ये वर्षांची मेहनत होती. त्यातला काही भाग दुसऱ्यांकडून परवान्यावर घेतलेला, काही पेटंटांनी बांधलेला. टेलिफोनच्या जाळ्याला जोडायच्या यंत्रांना सरकारी मान्यता लागते. कोणीही आतलं गणित बदललं तर त्या मान्यतेचं काय, हीसुद्धा शंका होती. शिवाय लिनक्सवाली गिऱ्हाइकं होती किती? आणि खोक्यावर 'विंडोज आवश्यक' असं छापलेलं असेल, तर फसवणूक झाली असंही म्हणता येत नाही.

यावर माझं म्हणणं एवढंच. बाकरवडी पूर्ण वस्तू आहे. घरी आणली, खाल्ली, व्यवहार संपला. तिची कृती ठाऊक नसल्यामुळे माझ्या तोंडात ती अर्धी राहत नाही. मॉडेमचं कार्ड मात्र अर्धं होतं. आणि अण्णांसारख्या गिऱ्हाइकाला बाकरवडीची कृती नकोच होती. हवी होती ती फक्त कार्डाशी बोलायची भाषा: कुठल्या पत्त्यावर काय लिहिलं की तार उचलली जाते, आवाजाचे आकडे कुठून वाचायचे. तेवढं सांगितलं असतं तर पुढचं गणित लोकांनी स्वतः केलं असतं. नुसतं म्हणत नाही. एफएफएमपेग आणि क्यूएमू ज्याने लिहिलं त्या फाब्रिस बेलार याने असा संपूर्ण खुला सॉफ्टवेअर-मॉडेम लिहायला घेतलाही होता. पण तो ज्या कार्डांवर चालवायचा, त्यांतल्या बहुतेकांची भाषा कंपन्यांनी सांगितली नाही. वस्तू विकून तिच्याशी बोलायची भाषा राखून ठेवणं, याला मी अर्धी विक्री म्हणतो. आणि पैसे मात्र पूर्ण वस्तूचे मोजलेले असतात.

तर मी सांगलीत, हातात पाटा घेऊन. आमच्या कार्डाच्या कंपनीचं नाव सांगत नाही. तिच्यावर खास राग नाही, सगळ्यांची तीच तऱ्हा होती. काहींनी अर्धा दरवाजा उघडला होता. ल्यूसंटने आपल्या मॉडेमसाठी लिनक्सचा ड्रायव्हर दिला होता, पण सीलबंद, रीत न दाखवता, आणि कर्नेलच्या (कर्नेल म्हणजे लिनक्सचा गाभा; लष्करातला कर्नल वेगळा) एका ठरावीक आवृत्तीसाठी बांधलेला. वेगवेगळ्या देशांतल्या स्वयंसेवकांनी त्या सीलबंद गोळ्याभोवती खुलं आवरण लिहिलं, म्हणजे इतर आवृत्त्यांवरही तो बसवता येईल. स्मार्ट लिंकचा ड्रायव्हरही असाच, अर्धा उघडा, अर्धा बंद. या स्वयंसेवकांनी एक छोटा प्रोग्रॅमही लिहिला होता. तो चालवला की कार्डावरची खरी चिप कोणाची ते कळायचं, कारण खोक्यावर छापलेलं नाव आणि आतली चिप यांचा पुष्कळदा काही संबंध नसायचा. ज्या वस्तूचे पैसे दुसऱ्याने घेतले, तिची उरलेली अर्धी बाजू ही मंडळी फुकट भरून काढत होती.

अकरा रात्रींचा तपशील सांगत नाही. इंटरनेट चालवायला लागणारा ड्रायव्हर इंटरनेटवरच होता, त्यामुळे मी सायबर कॅफेतून फ्लॉपीवर तुकडे आणत होतो. ड्रायव्हर बसला तरी मॉडेम म्हणे, डायलटोन नाही. फोन कानाला लावला तर डायलटोन ठणठणीत. शेवटी कळलं की मॉडेमला ओळखीचा असलेला डायलटोन वेगळ्या देशातला आहे. 'एटीएक्स३' ही आज्ञा दिली की तो त्याची वाट न पाहता नंबर फिरवतो. बाराव्या दिवशी सकाळी सहाला ती किंचाळी ऐकू आली आणि आई देवघरातून धावत बाहेर आली. अण्णांनी दोन बोटांनी मस्कतला पहिलं पत्र लिहिलं. मग माझ्याकडे वळून विचारलं, "आता यातलं सगळं रीतीसकट आहे ना?"

मी म्हणालो, "लिनक्स ना? हो, सगळं खुलं आहे."

लिनक्स खुलं होतंच. मॉडेमबद्दल मी बोललो नाही. दमलो होतो, चार दिवसांनी परतीचं विमान होतं, आणि अण्णांना पुन्हा अभ्रा चढवताना मला पाहायचं नव्हतं. आपलं मन अशा वेळी किती चांगली कारणं पुरवतं!

सहा महिन्यांनी कॉलिंग कार्डावरून घरी फोन केला तर अण्णा म्हणाले, मॉडेम बंद आहे. शेजारच्या मुलाने चांगल्या हेतूने नव्या सीडीवरून नवी आवृत्ती घातली होती. नव्या कर्नेलवर जुना सीलबंद ड्रायव्हर नीट बसेना. पडद्यावर आलेला मजकूर अण्णांनी कालनिर्णयच्या पानामागे उतरवून ठेवला होता. तो मला अक्षर अक्षर वाचून दाखवला. आवृत्ती जुळत नाही, ही एक ओळ. आणि दुसरीत एक शब्द: 'टेंट'. त्यांनी शब्दकोश आधीच पाहिला होता. डाग लागणे, दूषित होणे, विटाळणे. "यंत्राला कसला रे विटाळ?" त्यांनी विचारलं.

आता सांगणं भाग होतं. लिनक्सच्या कर्नेलमध्ये २००१ पासून ही खूण आहे. ज्याची रीत उघड नाही असा तुकडा आत घेतला की कर्नेल स्वतःवर खूण करून ठेवतो: मी आता टेंटेड आहे. विटाळ हा शब्द आपल्याकडे माणसांना माणसांपासून दूर ठेवायला वापरला गेला, म्हणून तो मला इथे लावावासा वाटत नाही. शिवाय अर्थही जुळत नाही. विटाळ मानणारा दार बंद करतो. कर्नेल दार बंद करत नाही. तो त्या तुकड्याला आत घेतो, काम करू देतो, फक्त वहीत नोंद ठेवतो की यातलं एवढं मला दिसत नाही. पुढे काही बिघडलं तर दुरुस्त करणाऱ्याला ती नोंद दिसते आणि तो उगीच भलतीकडे शोधत बसत नाही. हा डाग नाही, ही उधारीची नोंद आहे.

अण्णा थोडा वेळ गप्प होते. कार्डावरची मिनिटं जात होती. मग म्हणाले, "तू सांगितलं असतंस तर मी हो म्हटलं असतं. तुझी आई मस्कतच्या पत्राला आसुसली होती, मी काय अडवणार होतो? पण मग मी त्या पोराला नवी सीडी घालू दिली नसती."

यात नैतिक आणि व्यवहारी अशा दोन्ही गोष्टी आल्या आहेत, आणि त्या वेगळ्या करता येत नाहीत हेच मला तेव्हा कळलं. बंद ड्रायव्हर वापरला यात माझा दोष नव्हता. दोष हा, की अण्णा कशावर अवलंबून आहेत ते मी त्यांच्यापासून लपवलं. त्यामुळे त्या अवलंबनाची काळजी घेणं त्यांना शक्यच राहिलं नाही.

पुढच्याच वर्षी, एप्रिल २००४ मध्ये, याच मॉडेमच्या दुनियेत एक प्रकरण घडलं, आणि माझ्या सांगलीतल्या वाक्याची मोठी आवृत्ती मला वाचायला मिळाली. कोनेक्झंटच्या चिपांसाठी लिनक्सचे ड्रायव्हर पुरवणारी लिनक्संट नावाची कॅनडातली कंपनी होती. फुकट आवृत्ती १४.४ किलोबिटच्या वेगाने चाले. पूर्ण वेग हवा तर पैसे द्या. इथवर काही वावगं नाही, व्यवहार उघड होता. पण प्रत्येक ड्रायव्हरला कर्नेलपुढे आपला परवाना सांगावा लागतो. या ड्रायव्हरने सांगितलं: "जीपीएल", त्यानंतर एक शून्य-अक्षर, आणि त्यानंतर अशा अर्थाचा मजकूर की हे फक्त अमुक कप्प्यातल्या फायलींपुरतं. सी या संगणकभाषेत शून्य-अक्षर आलं की वाक्य संपलं. कर्नेलने "जीपीएल" एवढंच ऐकलं आणि टेंटची खूण केलीच नाही. कंपनीचं म्हणणं होतं की एकाच ड्रायव्हरचे अनेक तुकडे असल्याने इशारा पुन्हा पुन्हा यायचा आणि गिऱ्हाइकं घाबरायची.

वाचकहो, तुम्हाला काय आठवलं? मला धर्मराज आठवला. "अश्वत्थामा मेला" एवढं द्रोणांच्या कानी पडलं. माणूस की हत्ती, हा भाग शंखांच्या गजरात बुडाला. नरो वा कुंजरो वा. एकही शब्द खोटा नव्हता, आणि तरी जमिनीपासून चार बोटं वर चालणारा रथ खाली टेकला. लिनक्संटच्या ओळीतही एकही शब्द खोटा नव्हता. माझ्या वाक्यातही नव्हता. त्यांनी शून्य-अक्षराचा शंख वाजवला, मी "लिनक्स ना?" या दोन शब्दांचा.

अशा प्रश्नांत माणसं सहसा दोन टोकांना जातात. एक टोक म्हणतं, ज्याची रीत दिसत नाही ते घरातच आणू नये. या माणसांचा मी आदर करतो. त्यांच्या हट्टामुळेच लिनक्ससारखं काही उभं राहिलं. पण मस्कतच्या पत्राची वाट पाहणाऱ्या आईला हा हट्ट पाळायला सांगणं मला जमलं नसतं. दुसरं टोक म्हणतं, चाललं ना? मग आत काय आहे याच्याशी तुला काय करायचंय? हे टोक आज जिंकलेलं आहे, आणि त्याची किंमत अण्णांनी सहा महिन्यांनी मोजली.

मधली वाट म्हणजे मुळमुळीत तडजोड असं मी समजत होतो, तसं नाही. लिनक्सच्या दुनियेत डेबियन नावाचा जो जथा आहे, त्याने १९९७ च्या आपल्या सामाजिक करारापासून बंद गोष्टी वेगळ्या कप्प्यात ठेवल्या. स्मार्ट लिंकच्या मॉडेमचा तो अर्धा बंद ड्रायव्हरही त्याच कप्प्यात असे. पुढे यंत्रांचं इतकं काही बंद झालं की त्याशिवाय संगणकच नीट चालेना. २०२२ साली त्यांनी मतदान घेतलं, आणि २०२३ च्या बाराव्या आवृत्तीपासून असं फर्मवेअर बसवण्याच्या मूळ सीडीतच येऊ लागलं. मात्र कप्पा वेगळाच राहिला, आणि काय बसवलं ते वापरणाऱ्याला सांगितलं जातं. गरज मान्य केली, नोंद पुसली नाही.

आता छातीतल्या यंत्राकडे येतो. कॅरन सँडलर या अमेरिकन वकील बाई. हृदयाच्या आजारामुळे त्यांना छातीत डिफिब्रिलेटर बसवायला सांगितलं. त्यांनी कंपन्यांकडे विचारणा केली की यातलं सॉफ्टवेअर पाहायला मिळेल का, मिळालं नाही. तरी त्यांनी यंत्र बसवून घेतलं, कारण जगायचं होतं. पुढे गरोदरपणात यंत्राने त्यांच्या हृदयाची नैसर्गिक धडधड धोक्याची समजून विनाकारण झटके दिले. सॉफ्टवेअर फ्रीडम कन्झर्व्हन्सी या संस्थेच्या प्रमुख म्हणून त्या जाहीर भाषणांत सांगत आल्या आहेत की माझ्या शरीरात एक बंद ड्रायव्हर आहे, मी तो गरजेपोटी स्वीकारला, आणि मला त्याची रीत बघायचा हक्क हवा आहे. यंत्र घेऊनही त्या गप्प बसल्या नाहीत, हे मला महत्त्वाचं वाटतं.

आपण परदेशात राहणारे लोक गावाकडच्या आई-वडिलांसाठी सतत काहीतरी बसवत असतो. सुट्टीत गेलो की दारावरचा कॅमेरा, हातातलं रक्तदाबाचं घड्याळ, फोनमधलं बँकेचं अॅप, सगळं आपण घालून देतो आणि विमानात बसतो. त्यातलं बहुतेक विनमॉडेमच असतं: वस्तू त्यांच्या घरात, अक्कल दुसऱ्याच्या सर्व्हरवर. ते घालू नका, असं मी म्हणणार नाही. मीही घालतो. पण निघायच्या आदल्या दिवशी पंधरा मिनिटं बसून सांगा: हा भाग तुमचा, हा भाग कंपनीचा, कंपनीने उद्या सेवा थांबवली तर हे थांबेल, आणि मग अमुक करायचं. त्यांना समजणार नाही असं आपल्याला वाटतं. त्यांना न सांगण्याचं ते आपलं कारण असतं, एवढंच.

अण्णांच्या मॉडेमचं पुढे काय झालं? पुण्यातल्या चुलतभावाने बाहेरून जोडायचा जुन्या पद्धतीचा मॉडेम आणून दिला, कार्डाच्या कितीतरी पट महाग. सगळं गणित त्याच्या पोटातच होतं. सीरियल पोर्टला लावल्याबरोबर चालला. समोर लाल दिव्यांची रांग होती, आणि कुठला दिवा कशाचा हे अण्णांनी पाठ केलं होतं. ब्रॉडबँड येईपर्यंत तो चालला. जुनं कार्ड त्यांनी फेकलं नाही. अण्णा गेल्यावर घर आवरताना ते एका पाकिटात मिळालं, कालनिर्णयच्या त्या पानात गुंडाळलेलं. पानावर पेन्सिलीने उतरवलेल्या इंग्रजी ओळी होत्या, आणि खाली मराठीत, उत्तरपत्रिकेवर शेरा मारावा तसं लिहिलं होतं: रीत नाही. अर्धे गुण.